सौर प्रकल्पाची मालकी गावाकडे हवी: कामरगाव ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
सरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम

शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला ऐन थंडीत, बॅटरीच्या उजेडात, सापाविंचवाच्या धास्तीने धुऱ्यावर उभे राहणे वऱ्हाडात पिढ्यांचे झाले आहे. 2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यावरचाच उपाय आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प आणि कृषी फीडरला दिवसा वीज. उपाय योग्यच आहे. मात्र प्रकल्प बहुधा विकासक कंपनी उभारते आणि मालकीही तिचीच राहते. गावाच्या वाट्याला मुख्यतः जमिनीचे भाडे येते.

2019 च्या पीएम-कुसुम योजनेने दुसरी वाट दाखवली. तिच्या ‘अ’ घटकात 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या आणि ग्रामपंचायतीही स्वतः उभारू शकतात. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. वर्षाकाठी सुमारे 15 लाख युनिट वीज तयार होते आणि जवळपास हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळते. जमीन निवडताना गायरानावर सरसकट बोट ठेवू नये. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांच्या शेळ्या-गुरांचा तोच आधार असतो.

दिवसा स्वस्त वीज मिळाली की उपसा वाढतो, आणि भूजल आटले तर सौर पंपही कोरडा पडतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात 2016 साली सहा शेतकऱ्यांनी सौर सहकारी मंडळी स्थापन करून यावर तोडगा काढला. त्यांचे पंप 56.4 किलोवॅटच्या पॅनेलवर चालत आणि उरलेली वीज वितरण कंपनी युनिटला 4.63 रुपये दराने विकत घेई. पाणी जपून वापरले की विकायला वीज उरे. उपसा कमी करण्यात शेतकऱ्याचाच फायदा, असा हा हिशेब होता. वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात हा मुद्दा मेगावॅटच्या आकड्यांहून मोलाचा आहे.

सहकार हा शब्द जोडला म्हणून संस्था टिकत नाही. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वीज वितरण केले. थकबाकीच्या डोंगराखाली 2011 साली ते काम महावितरणकडे गेले. मुळा-प्रवराच्याच सुमारास स्थापन झालेली बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथील वीज सहकारी संस्था मात्र त्यानंतरही वीज पुरवत राहिली. त्यामुळे वसुली, लेखापरीक्षण आणि इन्व्हर्टर बिघडल्यावर दुरुस्तीचा निधी या गोष्टी पहिल्याच ठरावात लिहून ठेवाव्या लागतात.

सुरुवात लहान असावी. पाणीपुरवठ्याचा पंप आणि पथदिवे यांचे बिल ग्रामपंचायतीच्याच तिजोरीतून जाते. पहिले पॅनेल तिथे बसावे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडीने 2024 मध्ये घरांसह सगळे गाव सौर केले. घराच्या छतासाठी पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरले आहे; पण पत्र्याच्या किंवा पडक्या छताखाली राहणाऱ्याला त्याचा लाभ घेणे अवघड. अशा कुटुंबांना सामूहिक प्रकल्पात भाग मिळायला हवा, आणि तोही श्रमाच्या किंवा छोट्या हप्त्यांच्या बदल्यात.

येत्या ग्रामसभेपुढे ग्रामपंचायतीने तीन कागद ठेवावेत: मागील वर्षाची वीजबिले, 33 केव्ही उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आतील पडीक जमिनीची यादी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद.