हौस आणि हिशेब

चालवायला मजा यावी, पण पगार गॅरेजवाल्याच्या घशात जाऊ नये, असं वाटत असेल तर जुन्या जर्मन गाड्यांचा मोह आवरा आणि 2014च्या आसपासची पेट्रोल स्विफ्ट बघा. 1.2 लिटरचं इंजिन, बेल्टऐवजी टायमिंग चेन, जेमतेम टनभर वजन. घाटात ती मजेत वळते आणि सुटे भाग तालुक्यालाही मिळतात. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. सर्व्हिसचे कागद आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा तपासा. नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आलाच. क्लच, टायर, सस्पेन्शनसाठी थोडे पैसे राखून ठेवा. आणि हौशी मालकानं ‘मॉडिफाय’ केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.