चमत्कार नव्हे, हातचा!

मंडळी, व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक भलीमोठी संख्या फिरत येते: १२३४५६७८९८७६५४३२१. सोबत मजकूर: 'नऊ वेळा १ लिहा, त्या संख्येचा वर्ग करा आणि गणिताचा चमत्कार पाहा. पुढे पाठवा!' आमच्या नातलगांच्या ग्रुपवर लगेच हात जोडलेली चित्रं येतात.

उत्तर बरोबरच आहे. पण चमत्कार? साध्या कॅल्क्युलेटरवर हे सतरा अंक मावत नाहीत. तेव्हा कागदावर गुणाकार मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला उजवीकडून पहिल्या घरात १, मग २, मग ३, मधल्या घरात ९, पुढे पुन्हा उतरण. कुठंही दहा होत नाहीत, म्हणून हातचा येत नाही, म्हणून नक्षी टिकते. आता दहा वेळा १ घ्या. मधल्या घरात दहा झाले, हातचा आला आणि नक्षी मोडली: १२३४५६७९००९८७६५४३२१. मुलांना दाखवायची ती ही मोडलेली जागा!

अशा संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. पदव्युत्तर पदवी नसलेला हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर पोचलं. अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो ती 'हर्षद' संख्या, हे नावही त्यांचंच. आपल्या बारामती-इंदापूरच्या गाड्यांवरचा 'एमएच ४२' बघा: ४ आणि २ मिळून ६, आणि सहा सत्ते बेचाळीस. वरच्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिलाही ८१ नं पूर्ण भाग जातो.

कुणी म्हणेल, मास्तर, याचा उपयोग काय? मी मराठी माध्यमातला बी.ए., गणिती नव्हे. पण इतकी वर्षं मुलांत काढल्यावर एक कळतं. आपण 'हातचा एक' म्हणायला शिकवतो. तो का येतो, हे विचारायला शिकवत नाही. आणि आकडा पाहून 'का?' विचारायची सवय नसलेल्या माणसाला उद्या महिन्याला दहा टक्के देणारी योजनाही चमत्कारच वाटते. तिथंही हात जोडले जातात, आणि कष्टाची पुंजी जाते.

असो. पुढच्या वेळी ती संख्या आली तर पुढे पाठवू नका. नातवंडाला कागद-पेन्सिल द्या आणि विचारा, अकरा वेळा १ घेतले तर? उत्तर मी सांगणार नाही. शेवटी मास्तरच ना, गृहपाठ दिल्याशिवाय कसा उठू!