पंधरा महिन्यांत डबल

पोस्टात किसान विकास पत्र घेतलं तर पैसे दुप्पट व्हायला 115 महिने लागतात. माझे काका सावनेरच्या पोस्टातून तो फॉर्म घरी घेऊन आले होते. वेकोलिच्या कोळसा खाणीत तीस वर्षं काढून नुकतेच रिटायर झालेले, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकाच महिन्यात खात्यावर आलेली. फॉर्म भरायच्या आधी भाचा दारात. "मामा, कायले पोस्टात सडवता पैसा? पंधरा महिन्यांत डबल. लेखी देतो न मी."

लेखी दिलंच त्याने. शंभराचा स्टॅम्प पेपर आणि पुढच्या तारखांचे चेक. पहिले चार महिने पैसे आले. तेवढ्या भरवशावर काकांनी खाणीतले दोन सोबती त्याच योजनेत आणले. पाचव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. ते चेक काकूने अजून पेटीत तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवले आहेत. काकांना पैसे बुडाल्याचं दुःख आहेच, पण त्या दोन सोबत्यांच्या घरावरून जाता येत नाही, त्याचं जास्त आहे.

अशा वेळी गावातले शहाणे म्हणतात, माणूस लोभी असतो, भोगेल. मला या वाक्याची चीड येते. आयुष्यभर कोळशाची धूळ खाल्लेल्या माणसाला लेकीचं लग्न आणि स्वतःचं म्हातारपण दिसत असतं, तो लोभ नव्हे. गुन्हा आहे तो त्याच्या भीतीवर धंदा करणाऱ्याचा. आणि एक दोष आपल्या सगळ्यांचा: आपण साधा हिशेब मांडत नाही. पंधरा महिन्यांत दुप्पट म्हणजे वर्षाला 74 टक्के. या वेगाने 5 लाखांचे वीस वर्षांत 3,276 कोटी होतात. ज्याला हे जमतं तो कडक उन्हात मोटारसायकल घेऊन तुमच्या ओसरीवर चहा प्यायला कशाला येईल? घरातल्या दहावीच्या पोराने पाच मिनिटांत हा हिशेब करून दिला असता. आम्ही कुणी तो करायला सांगितला नाही.

फसतात ती अडाणी माणसं, असं कुणी म्हणालं तर त्याला नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची आठवण करून द्यावी. 2001-02 मध्ये या बँकेने सुमारे 125 कोटी रुपये दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत घातले. सरकारी रोख्यांइतकं सुरक्षित दुसरं काही नसतं. पण पैसे गेले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. दलालांपैकी एक होती होम ट्रेड, जिच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन झळकले होते. बँकेचे अध्यक्ष होते सुनील केदार. 22 डिसेंबर 2023 ला नागपूरच्या न्यायालयाने त्यांच्यासह सहा जणांना दोषी धरून पाच वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांची सावनेरची आमदारकी गेली. निकालावर अपील झालं, त्याचं काय करायचं ते न्यायालय बघेल. माझा मुद्दा वेगळा आहे. इथे बाजार पडला नव्हता. रोखे सरकारचे होते, फक्त ते आपल्या नावावर चढले का, हे वेळेवर कुणी पाहिलं नाही. निकाल यायला एकवीस वर्षं लागली. ठेव ठेवलेला कास्तकार तेवढं थांबू शकत नाही.

आता म्युच्युअल फंडांचे नवे विक्रेते आले आहेत. ते पळून जात नाहीत, त्यांची ऑफिसं चकाचक असतात, आणि त्यांच्या तक्त्यात पैसे दर वर्षी न चुकता 12 टक्के वाढतात. महिना 5 हजार, वीस वर्षं, मिळणार साडेएकोणपन्नास लाख. तेच 8 टक्क्यांनी मांडलं तर साडेएकोणतीस लाख होतात. ही दुसरी ओळ त्या तक्त्यात का नसते? बाजार सरळ रेषेत चालत नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर गेला आणि त्याच ऑक्टोबरात 8 हजारांच्या खाली आला. 23 मार्च 2020 ला एका दिवसात 13 टक्के कोसळला आणि पुढच्या जानेवारीत त्याने 50 हजारांना हात लावला. यातली एकही तारीख कुणी आधी सांगितली नव्हती. 'मला ठाऊक आहे' म्हणून फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्यांचं काय झालं, ते सेबीने मोजलं: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 100 पैकी 93 जण तोट्यात. आणि मोबाईलवर तेच शिकवणाऱ्या क्लासच्या फिया आमच्याकडची पोरं बापाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून भरतात.

ज्याला दोन वर्षांत लग्न उरकायचं आहे, त्याने त्या पैशाला बाजार दाखवू नये. ज्याच्या हाती पंधरा-वीस वर्षं आहेत, त्याने सगळ्या बाजारात थोडाथोडा पैसा वाटणारा, कमी खर्चाचा फंड धरावा, आपल्याच नावावर, आणि पडत्या काळात हप्ता मोडू नये. आमच्या कास्तकाराला हे शिकवायला मुंबईहून माणूस नको. संत्र्याचं कलम लावून तो चार-पाच वर्षं एक फळ न खाता पाणी देतो. पुढे आंबिया बहाराची फळगळ होते, बगीच्यात पाय ठेवला की हिरव्या फळांचा सडा. त्या दिवशी तो झाडावर कुऱ्हाड घालत नाही. तोच माणूस फंड 20 टक्के पडला की सगळं विकून पंधरा महिन्यांवाल्याकडे जातो, कारण बगीचा कसा वागतो हे त्याला बापाने दाखवलं होतं आणि पैसा कसा वागतो हे कुणीच दाखवलं नाही.

शेजारचे बापू या महिनाअखेर खाणीतून सुटतात. त्यांच्या फाटकाशी एक अनोळखी मोटारसायकल दोनदा उभी दिसली. रविवारी मी त्यांच्याकडे चाललो आहे. काकांना म्हटलं, तुम्ही पण चला, पेटीतले चेक सोबत घ्या. काका अजून हो म्हणाले नाहीत.