विश्लेषण : ड्राफ्ट, लिलाव की खुला बाजार? पुण्याच्या फुटबॉलचे गणित कुठे चुकले?

तळेगाव दाभाडे : २०१४-१५ च्या मोसमात पुण्यात व्यावसायिक फुटबॉलचे तीन क्लब होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, तर नव्यानेच सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी. आज देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पुण्याचा एकही क्लब नाही. पहिले दोन २०१५ मध्येच बंद झाले. तिसऱ्याची जागा २०१९ मध्ये हैदराबाद एफसीने घेतली आणि २०२५ मध्ये तो क्लबही हैदराबाद सोडून स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेला. म्हणजे बालेवाडीत सुरू झालेली एक जागा दहा-अकरा वर्षांत दोन शहरे बदलून बसली.

यामागे पैसा हे कारण आहेच. पण मैदानावरचेही एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. संघ उभा करायचा कसा? निवडप्रक्रियेतून, म्हणजे ड्राफ्टमधून, की करार संपलेले खेळाडू खुल्या बाजारातून घेऊन? की स्वतःच्या अकादमीत घडवून? पुण्याने गेल्या दशकात हे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

ही कल्पना अमेरिकन फुटबॉलची. तिथल्या एनएफएलमध्ये १९३६ पासून दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. आदल्या मोसमात शेवटी राहिलेल्या संघाला पहिली निवड, विजेत्याला शेवटची. दुबळा संघ वर यावा आणि लीग चुरशीची राहावी, हा हेतू. (या ड्राफ्टच्या इतिहासातला सर्वात पहिला निवडलेला खेळाडू, जे बरवँगर, एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. निवड ही शेवटी अटकळच असते.)

दुसरा मार्ग ‘फ्री एजन्सी’चा. करार संपलेला खेळाडू ज्याला हवा त्याच्याशी नवा करार करतो. एनएफएलमध्ये हे स्वातंत्र्य आजच्या स्वरूपात १९९३ मध्ये आले आणि पाठोपाठ १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. २०२५ साठी ही मर्यादा प्रतिसंघ २७ कोटी ९२ लाख डॉलर होती.

पगाराची मर्यादा आली की खरे गणित सुरू होते. ड्राफ्टमधून आलेल्या नवख्याला चार वर्षे ठरलेल्या तक्त्यानुसार पगार मिळतो. हा तक्ता २०११ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता; पुढच्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला सुमारे २.२ कोटी. त्यामुळे निवड बरोबर लागली तर संघाला चार वर्षे स्वस्तात मोठा खेळाडू मिळतो आणि वाचलेल्या पैशातून बाजारातला तयार माणूस आणता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सने हेच केले. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स हा २०२० च्या ड्राफ्टमधला ५३ वा खेळाडू, तर धावपटू सेक्वॉन बार्कली २०२४ मध्ये खुल्या बाजारातून आला.

तळेगाव एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्याच्या एचआर विभागाला हा पेच नवा नाही. आयटीआय-डिप्लोमाची पोरे अप्रेंटिस म्हणून घ्यायची, त्यांना वर्षभर शिकवायचे, की चाकणच्या एखाद्या कंपनीतून पाच वर्षे अनुभवाचा माणूस जास्त पगार देऊन ओढायचा? लाइन उद्यापासून चालू करायची असेल तर दुसरा पर्याय. पाच वर्षांनी चालवायची असेल तर पहिला. अडचण एवढीच, की शिकवलेली पोरेही एक दिवस शेजारच्या गेटमधून आत जातात.

आयएसएलने ड्राफ्ट आणला, पण कुणाचा?

आयएसएलने सुरुवातीला भारतीय खेळाडूंसाठी ड्राफ्टच वापरला. जुलै २०१४ मध्ये मुंबईत ८४ भारतीय खेळाडूंची संघांमध्ये वाटणी झाली. जुलै २०१५ मध्ये दहा प्रमुख खेळाडूंचा आधी लिलाव झाला आणि बाकीच्यांचा ड्राफ्ट. सुनील छेत्रीसाठी मुंबई सिटीने १ कोटी २० लाख मोजले, तर मधल्या फळीतल्या युजीनसन लिंगडोहसाठी एफसी पुणे सिटीने १ कोटी ५ लाख. शेवटचा ड्राफ्ट २३ जुलै २०१७ रोजी झाला. त्यात खेळाडूंची किंमत आधीच ठरलेली होती; बचावपटू अनस एडथोडिकाला जमशेदपूरने १ कोटी १० लाखांत सर्वात आधी उचलले. २०१८ पासून ड्राफ्ट बंद झाला आणि क्लब थेट करार करू लागले.

चूक इथेच होती. अमेरिकेत ड्राफ्टच्या मागे महाविद्यालयीन खेळाची अवाढव्य यंत्रणा उभी आहे. दरवर्षी नवी, तयार पोरे त्यातून बाहेर पडतात आणि ड्राफ्ट त्यांची वाटणी करतो. आपल्याकडे महाविद्यालयातून कुणी व्यावसायिक फुटबॉलपटू बाहेर पडत नाही. आयएसएलच्या ड्राफ्टमध्ये बहुतेक तेच खेळाडू होते, जे आय-लीगच्या क्लबांकडे वर्षानुवर्षे खेळत होते. म्हणजे ड्राफ्टने नवा खेळाडू आणला नाही, असलेल्यांचीच फेरवाटणी केली. विहिरीला झरा नसताना रहाट जोडण्याचा हा प्रकार. करारही छोटे, मोसम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. अशा स्थितीत तरुण खेळाडूवर तीन वर्षे मेहनत घेण्याचे कारण क्लबला उरत नव्हते.

दुसरी अडचण नियमांची. ड्राफ्ट बंदिस्त लीगमध्येच चालतो, जिथे शेवटचा संघ खाली ढकलला जात नाही. जगभरच्या फुटबॉलमध्ये शेवटच्याला बक्षीस म्हणून पहिली निवड मिळत नाही, त्याला खालच्या श्रेणीत जावे लागते. शिवाय युरोपात १५ डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू शुल्काशिवाय कुठेही जाऊ शकतो. आय-लीग विजेता आयएसएलमध्ये येण्याचा मार्ग भारतात २०२३ मध्ये पंजाब एफसीपासून खुला झाला. त्या रचनेत ड्राफ्ट बसतच नाही.

पुणे सिटीचा एकमेव चांगला मोसम

लिंगडोहवर कोटभर रुपये खर्च करूनही एफसी पुणे सिटीला २०१४, २०१५ आणि २०१६ अशा तिन्ही मोसमांत बाद फेरी गाठता आली नाही. ती गाठली २०१७-१८ मध्ये, रँको पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखाली. तो संघ कसा तयार झाला होता हे पाहण्यासारखे आहे.

पुढच्या फळीत मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो. दोघेही परदेशी आणि परदेशी खेळाडूंना तेव्हा ड्राफ्ट लागू नव्हता. आदल्या मोसमात एक दिल्लीकडून, दुसरा नॉर्थईस्टकडून खेळला होता. म्हणजे लीगमध्ये पारखून झालेले. ड्राफ्टमधून आदिल खान हा गोव्याचा खेळाडू आला, ज्याची तेव्हा फारशी चर्चा नव्हती. पुढे तो भारताकडून खेळला. आणि गोलरक्षक विशाल कैथ व आशिक कुरुनियान हे तरुण ड्राफ्टआधीच कायम ठेवलेले. तिन्ही वाटा एका संघात. उपांत्य फेरीत बालेवाडीत बेंगळूरूशी गोलशून्य बरोबरी झाली, परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल करून पुण्याला घरी पाठवले. त्यानंतर पुण्याला तसा मोसम पुन्हा दिसला नाही. वर्षभरातच क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि २०१९ मध्ये संपला.

मामुर्डीचे मैदान

यातला आशिक कुरुनियान तसा मलप्पुरमचा, पण घडला पुण्यात. देहूरोडजवळच्या मामुर्डीत, गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमच्या शेजारच्या टापूत, पुणे एफसीचे सरावाचे मैदान आणि अकादमी होती. तळेगावहून दुचाकीवर अर्ध्या तासात पोहोचता येईल इतकी जवळ. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये सुरू केलेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला. पण क्लबची खरी कमाई ही अकादमी. क्लब बंद झाल्यावर ती एफसी पुणे सिटीने चालवायला घेतली. आशिकला तिथूनच स्पेनच्या व्हियारिआलमध्ये सरावाची संधी मिळाली. आज तो भारताचा आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे.

कोल्हापूरचा अनिकेत जाधवही पुण्याच्याच क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत वाढला. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. मार्च २०२२ मध्ये हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा अनिकेत त्या संघात होता. पुणे सिटीकडून खेळलेला निखिल पुजारीही होता. पुण्यात रुजवलेल्या रोपाची फळे हैदराबादेत तोडली गेली, असे म्हटले तर ते पूर्ण खरे नाही. बार्थोलोम्यू ओग्बेचेचे त्या मोसमातले १८ गोल बाजारातून आणलेले होते. पण भारतीय खेळाडूंचा गाभा तरुणांचा होता, हे नक्की.

मग मुंबई सिटीचे काय?

नुसत्या खरेदीने संघ होत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के समभाग घेतले. २०२०-२१ साठी प्रशिक्षक सर्जियो लोबेरा आले आणि त्यांच्यापाठोपाठ एफसी गोव्यातले त्यांचे हुकमी खेळाडू : अहमद जाहू, मूर्तदा फॉल, ह्यूगो बूमू, गोव्याचाच मंदार राव देसाई. पहिल्याच मोसमात लीग शील्ड आणि करंडक दोन्ही. अंतिम सामन्यात बिपीन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल केला.

पण ही खरेदी डोळस होती. एकाच पद्धतीने एकत्र खेळलेली मंडळी एकगठ्ठा उचलली होती. त्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागली नाही. महागडी दहा नावे दहा ठिकाणांहून गोळा करणे आणि हे, यात फरक आहे.

कबड्डीत पुण्याने काय केले?

फुटबॉलमध्ये जे जमले नाही ते पुण्याच्याच दुसऱ्या संघाने कबड्डीत करून दाखवले. प्रो कबड्डीत मुख्य भरती लिलावातून होते, पण तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करण्याची सोयही आहे. पुणेरी पलटणने युवा पलटण अकादमी काढून या सोयीचा पुरेपूर वापर केला. टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, हरियाणाचा मोहित गोयत यांच्यावर मोठ्या बोली लागल्या नव्हत्या. ती पोरे स्वस्तात आली आणि एकत्र वाढली.

पैसा वाचला होता म्हणून दहाव्या मोसमाच्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाखांची बोली लावता आली. संघाची एकूण मर्यादा ५ कोटी होती. जवळपास निम्मी रक्कम एका माणसावर. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. पलटणने शादलूला कायम ठेवले नाही. २ कोटी ७ लाखांत तो हरियाणाकडे गेला आणि अकराव्या मोसमात हरियाणा विजेता ठरला. अस्लमला दुखापत झाली आणि पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. म्हणजे बाजारातला माणूस खरोखरच फरक पाडत होता. तरीही बाराव्या मोसमात हाच तरुण गाभा घेऊन पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा निसटता पराभव झाला. विकत घेतलेला खेळाडू गेला की त्याच्यासोबत त्याचा मोसम जातो. घडवलेला गाभा पडझडीनंतरही उभा राहतो, असे या तीन मोसमांवरून दिसते.

आता तळेगावच्या मुलाने काय करायचे?

जुलै २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटला नाही म्हणून आयएसएलचा मोसमच थांबवण्यात आला. अनेक क्लबांनी खर्चाला कात्री लावली. अशा वेळी सर्वात आधी हात पडतो तो तरुणांच्या संघांवर, कारण तिथला खर्च आज दिसतो आणि उत्पन्न सात-आठ वर्षांनी.

चौदा वर्षांच्या मुलासाठी म्हणून ड्राफ्ट की खुला बाजार हा वाद दूरचा वाटला, तरी परिणाम थेट आहे. ड्राफ्ट नसल्याने त्याला कुणी आपोआप उचलणार नाही. क्रीडा प्रबोधिनी, एखादी अकादमी, जिल्ह्याची लीग आणि मग चाचण्या, हाच रस्ता. मामुर्डीसारखे ठिकाण दुचाकीच्या अंतरावर असणे आणि नसणे यात त्याच्या घरच्यांसाठी वसतिगृहाच्या खर्चाचा फरक आहे.

छोट्या अकादमींच्या हाती एक गोष्ट मात्र आहे. फिफाच्या नियमानुसार करार शिल्लक असलेला खेळाडू शुल्क घेऊन परदेशी क्लबला विकला गेला, तर त्या शुल्काचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयासाठी दरवर्षी पाव टक्का, त्यापुढे दरवर्षी अर्धा टक्का. चार वर्षे सांभाळलेल्या मुलाचे पुढे १ कोटीला हस्तांतर झाले, तर तळेगावच्या अकादमीचा वाटा होतो १ लाख रुपये. तो करार संपवून मोकळा गेला, तर शून्य. आणि मुलाची त्या वर्षांची नोंदणी संलग्न क्लबमार्फत महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत झालेली नसेल, तर त्या लाखावर दावा करायलाही कागद हाती नसतो. गावोगावच्या प्रशिक्षकांनी या मोसमात आधी हे काम उरकून घ्यायला हवे.