सज्जतेचे माप कोणते?

माण तालुक्यात उद्योग यावेत, ही मागणी जुनी आहे. पर्जन्यछायेत सापडलेल्या या मुलखातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गोदीत, गिरण्यांत आणि देशभरच्या गलाई दुकानांत पोट भरावयास गेली. मोठी कारखानदारी मात्र येथे रुजली नाही. गेली काही वर्षे बेंगळुरू-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या संदर्भात म्हसवड-धुळदेव परिसराचे नाव घेतले जात असल्याने त्या आशेला पुन्हा पालवी फुटली आहे. परंतु उद्या येणारा कारखाना आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला कारखाना असणार नाही. त्यातील यंत्रे संगणकाच्या आज्ञेने चालतील, प्रत्येक सुट्या भागाची नोंद आपोआप होईल आणि मुंबई-पुण्याचा ग्राहक ती बसल्या जागी पाहील. या परिवर्तनास आपले कारखाने कितपत सज्ज आहेत, हा प्रश्न म्हणूनच आज विचारावयास हवा. त्याहून अवघड प्रश्न असा, की ही सज्जता मोजावयाची कशाने?

जगात त्यासाठी मोजपट्ट्या तयार झाल्या आहेत. २०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द पुढे आला. २०१७ साली तेथील तंत्रविज्ञान अकादमीने सहा पायऱ्यांची शिडी मांडली: प्रथम संगणकीकरण, मग यंत्रांची परस्पर जोडणी, मग काय घडते आहे ते दिसणे, ते का घडते ते कळणे, पुढे काय घडेल याचा अंदाज येणे आणि अखेर परिस्थितीनुसार यंत्रणेने स्वतःला बदलणे. त्याच वर्षी सिंगापूरने सोळा कसोट्यांचा निर्देशांक सिद्ध केला. त्यात तंत्राच्या जोडीला कामाची पद्धत आणि संघटना यांनाही स्थान आहे. या पट्ट्यांत दोष काढण्याचे कारण नाही. दोष आहे तो त्या आपल्याकडे वापरल्या जातात त्या रीतीत. लघुउद्योजकाच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांची बहुधा खरेदीची यादी होते: संगणक किती, आज्ञावली कोणती, यंत्र कोणत्या साली घेतले. मोजणारा आणि विकणारा एकच असला, म्हणजे निष्कर्ष काय निघणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

कऱ्हाड, सातारा, कुपवाड वा मिरजेच्या वसाहतीतील वीस-पंचवीस कामगारांची एखादी यंत्रशाळा डोळ्यांसमोर आणा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्या व्यवसायांना व्यापारी ग्राहकांसाठी इलेक्ट्रॉनिक बीजक सक्तीचे झाले. तेव्हा असा कारखाना कागदोपत्री ‘डिजिटल’ झालाच आहे. पण त्या बीजकामागचे काम अद्याप वहीत आहे, आणि वही पाळी संपताना आठवणीने भरली जाते. चार भाग बिघडले असले तर दोन लिहिले जातात. कारण बिघाडाची नोंद म्हणजे बोलणी खाणे, प्रसंगी पगाराला कात्री. यंत्र तासभर बंद पडले होते, हे मुकादमाला ठाऊक असते. मालकाला महिन्याअखेर उशिराच्या तक्रारीतून कळते. अशा कारखान्यात लाखो रुपयांची संगणकीय यंत्रणा बसवली, तरी ती हीच खोटी संख्या अधिक वेगाने आणि सुबक आलेखाच्या रूपाने परत देईल. खरी नोंद करण्याची सवय आणि ती करणाऱ्याला अभय, ही सज्जतेची पहिली पायरी होय. ती जर्मन शिडीच्याही खाली आहे.

चुकीच्या मापाने सज्जता मोजली की काय होते, याचे उदाहरण माणमध्येच आहे. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी पुढची हकीकत अनेकदा सांगितली आहे. या स्त्रिया अक्षरे गिरवू लागल्या, आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही सांगतो; तुमच्या अधिकाऱ्यांनी ते गणकयंत्राविना करून दाखवावे. परवाना मिळाला. साक्षरता अनावश्यक होती, असा याचा अर्थ नव्हे. त्या स्वतःच ती मिळवू लागल्या होत्या. अर्थ एवढाच, की बँक चालवावयास जो हिशेबीपणा लागतो तो त्यांच्यापाशी आधीच होता आणि अर्जावरील रकान्यात त्याला जागा नव्हती. पुढे याच तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. पाऊस किती पडला, विहिरीत किती उरला आणि त्यावर कोणते पीक निघेल, असा पाण्याचा ताळेबंद मांडावयास जो मुलूख शिकला, त्याला नोंदीचे महत्त्व परक्याने शिकवावयास नको.

सज्जता ही जन्मजात वस्तूही नव्हे. माणदेशातील आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, त्याच संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. त्या माळावर कसबी कारागीर आयते उभे नव्हते. ते काम करता करता घडले. ‘मागास भागात माणसे मिळत नाहीत’ ही सबब तेव्हाही सोपी होती.

तेव्हा करावयाचे काय? मोजमापाचे काम विक्रेत्याकडून काढून शिक्षणसंस्थांकडे द्यावे. कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद आणि तालुक्यातालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर एकेका कारखान्यात बसून चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. बिघडलेल्या भागाची नोंद कोण करतो आणि केव्हा? ती वाचून कोणता निर्णय बदलला? वाईट बातमी सांगणाऱ्या कामगाराचे पुढे काय होते? नवे यंत्र आल्यास जुन्या कामगाराला शिकवणार कोण? यासाठी मोठा खर्च लागत नाही. मात्र हा निष्कर्ष कर्ज नाकारण्यासाठी वापरला जाणार नाही, अशी हमी उद्योजकास मिळाली पाहिजे. अन्यथा तोही आपल्या मुकादमाप्रमाणेच चारला दोन लिहील.

हे न करता म्हसवडच्या माळावर उद्या झगमगते कारखाने उभे राहिले, तर यंत्रांपाशी बाहेरची मुले बसतील आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले फाटकावर पहारा देतील. ते टाळावयाचे असेल, तर कारखाना येण्याची वाट पाहत बसून चालणार नाही. खरा आकडा लिहिण्याचे धैर्य शाळेच्या प्रयोगवहीत आणि कचेरीच्या नोंदवहीतही कमवावे लागते, आणि ते काम आजपासून शिक्षकांच्या व कारकुनांच्याच हाती आहे.