ब्लॉक कोणता, ढकलणे कोणते?

कबड्डीत ब्लॉक म्हणजे मध्यरेषेकडे परतणाऱ्या चढाईपटूच्या वाटेत बचावपटूने अंगाने आडवे येणे. हातांनी कवटाळले की ती पकड झाली आणि अंग झोकून त्याला मैदानाबाहेर घालवले की धडक. कागदावर हे तीन प्रकार वेगळे आहेत. मैदानावर ते क्षणार्धात एकमेकांत मिसळतात, आणि महाविद्यालयीन सामन्यांत शिट्टी वाजताच दोन्ही संघ पंचांभोवती जमतात ते याच क्षणी.

पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी म्हणजे राखीव क्षेत्र. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली तरच ही पट्टी खेळात येते. स्पर्शाआधी तिच्यात पाय पडला तर चढाईपटू बाद. त्यामुळे कडेला झालेल्या ब्लॉकमध्ये पंचांना आधी स्पर्श झाला की आधी पाय पडला, हे ठरवावे लागते. तीन-चार बचावपटू साखळी करून धावत आले असतील तर तो स्पर्श जवळच्या पंचाला दिसतोच असे नाही. त्यांच्या पाठी मध्ये येतात. समोरच्या बाजूच्या पंचाला कदाचित दिसतो, पण निर्णयाचा हात बहुधा जवळच्याचा आधी वर जातो.

दुसरी अडचण नियमाच्या भाषेत आहे. प्रतिस्पर्ध्याला जाणूनबुजून सीमेबाहेर ढकलू नये, असे जुन्या नियमपुस्तकांत आहे. आज मात्र धडक हे बचावाचे मान्य कौशल्य आहे. प्रो कबड्डीत तर तिच्यावर टाळ्या पडतात. मग कायदेशीर धडक कुठे संपते आणि जाणूनबुजून ढकलणे कुठे सुरू होते? हेतू डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते हात. छाती किंवा खांदा लावून मारलेली धडक आणि दोन्ही तळवे लांबवून दिलेला धक्का यांतला फरक दुरूनही कळतो. नियम हेतूऐवजी या फरकावर उभा असता तर पंचांची निम्मी डोकेदुखी गेली असती.

कॅमेरे लावले की प्रश्न सुटेल, हा समज हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेने खोटा ठरवला. 7 ऑक्टोबर 2023 रोजी भारत आणि इराण यांच्यातल्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात गुण 28-28 असताना पवन सेहरावत चढाईला गेला. कोणालाही स्पर्श न करता तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला अडवायला इराणचे बचावपटूही मागोमाग तिथे शिरले. एका नियमाप्रमाणे त्याच्यासोबत तेही बाद, दुसऱ्याप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. निर्णय बदलत गेले, खेळाडू मैदानावर बसून राहिले, सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. काय घडले ते सर्वांनी पाहिले होते. कोणता नियम लागू, यावरच एकमत नव्हते.

अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलने (चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ, आपला नव्हे) या बाबतीत एक शहाणपणाची वाटणी केली आहे. तिथे ब्लॉक हे आघाडीच्या खेळाडूंचे रोजचेच काम, म्हणून वादही रोजचे. 2004 मध्ये बिग टेन या विद्यापीठगटाने चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याचा प्रयोग केला आणि 2006 पासून त्याचे नियम देशभर एकसारखे झाले. पाय रेषेबाहेर होता का, चेंडू जमिनीला लागला का, हे पडद्यावर तपासता येते. ब्लॉक करताना प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले का, हा प्रश्न मात्र सर्वसाधारणपणे मैदानावरच्या पंचांच्याच हाती राहतो. पहिला प्रश्न घटनेचा, दुसरा मताचा.

कबड्डीलाही हीच वाटणी शोभेल. स्पर्श आधी की पाय आधी, हे तिपाईवर बसवलेल्या दोन मोबाइलच्या चित्रणातून ठरवता येते. महाविद्यालयांना तो खर्च जड नाही. धडक की ढकलणे, हे पंचांनीच ठरवावे. दोन्ही पंचांत मतभेद झाला तर निर्णय देण्याचा अधिकार सरपंचांना नियमाने आधीच आहे. तो वापरायला मात्र अनेकदा संकोच केला जातो, जणू सहकाऱ्याचा तो अपमानच.

म्हैसूरला हा विषय दूरचा नाही. 2019 मध्ये इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीगचे सामने पुण्यानंतर याच शहरात झाले. आंतरविद्यापीठ स्पर्धांत म्हैसूर विद्यापीठ दक्षिण विभागात, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते. त्यांची गाठ पडते ती थेट अखिल भारतीय पातळीवर. वेगवेगळ्या पंचांच्या सवयी अंगवळणी पडलेले संघ तिथे एका मैदानावर उतरतात. म्हणून राखीव क्षेत्र, धडक आणि सरपंचांचा अधिकार या तीन बाबींचा नियम संयोजकांनी एका पानावर कन्नड, मराठी आणि हिंदीत छापून नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांची त्यावर सही घ्यावी. येत्या हंगामापासूनच हे सुरू करावे, ही विनंती.

– एक कबड्डीप्रेमी, म्हैसूर