पापनिवेदनातला टँकर

१ सप्टेंबर उजाडला की चर्चमध्ये सृष्टीच्या जपणुकीवर प्रवचनं सुरू होतात, ती ४ ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाला थांबतात. यंदाही सुरू आहेत. आणि मिस्सा संपल्यावरची कुरकुरही यंदा तीच: फादरांनी देवाबद्दल बोलावं, कचऱ्याचं महापालिका बघेल.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवामानबदल आणि गरीब देशांवरची कर्जं आहेत, तसंच खाऊन संपेल इतकंच शिजवणं, कचरा वेगळा करणं आणि नको ते दिवे मालवणंही आहे. त्याआधी १९९७ मध्ये ऑर्थोडॉक्स परंपरेचे धर्माचार्य बार्थोलोमिऊ यांनी सृष्टीविरुद्धच्या अपराधाला सरळ पाप म्हटलं होतं.

आक्षेप घेणारे लिन व्हाइट या इतिहासकाराचं नाव पुढे करतात. ‘सायन्स’ नियतकालिकातल्या १९६७ च्या लेखात त्याने निसर्गाच्या नासाडीचं खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला सृष्टीवर सत्ता दिली, ती त्याने गाजवली. आरोप पूर्ण खोटा नाही. पण उत्पत्तीच्या पुढच्याच अध्यायात हा सत्ताधीश बागेची मशागत आणि राखण करायला नेमलेला आहे. म्हणजे हुद्दा माळ्याचाच. शिवाय खुद्द व्हाइटने लेखाच्या शेवटी पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून असिसीच्या फ्रान्सिसचंच नाव सुचवलं. लेख शेवटपर्यंत न वाचता उद्धृत करण्याचा रोग फार जुना आहे. झाडं जपणं ही निसर्गपूजा होईल, ही भीती तर बिनबुडाचीच. सांभाळायला दिलेल्या वस्तूची कुणी पूजा करत नाही, तिचा हिशेब देतो.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे: धूर कारखान्यांनी ओकायचा आणि नळ आम्ही बंद करायचा? कारखान्यांना जाब विचारायलाच हवा. पण पाप हा शब्द एकदा मान्य केला की पंचाईत होते. पापनिवेदनात कंपनीची पापं सांगता येत नाहीत, आपलीच सांगावी लागतात. आणि घरचं पाप घरात राहत नाही, याचा पुरावा वसईत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा बिल्डरांइतकाच तिचा रोष पाण्याच्या टँकरवर होता. ते टँकर भरत होते वाड्यांमधल्या विहिरींवर. विहीर घरची, पंप घरचा, पैसे घरचे. पण जमिनीखालच्या पाण्याला सातबारा नसतो. समुद्रकाठी गोडं पाणी बेसुमार उपसलं की त्याची पातळी खाली जाते आणि खारं पाणी आत शिरतं. ते कुंपण पाहून थांबत नाही. एकाने विकलेलं पाणी शेजाऱ्याच्या केळीला खारट करतं. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा इथे पंपाच्या बटणापाशी येऊन ठेपते. मग हा विषय देवाचा नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

वसईचं नाव निघालं की बावखलांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. वाडीतलं हे गोड्या पाण्याचं तळं म्हणजे पूर्वजांनी केलेली पुनर्भरणाची सोय. पावसाचं पाणी इथे साठायचं, त्यातून बागा शिंपायच्या आणि उरलेलं जमिनीत मुरून आसपासच्या विहिरी गोड्या ठेवायचं. नळ आला, जागेचा भाव चढला आणि कित्येक बावखलं भरावाखाली गेली. काही गावांनी उरलेली पुन्हा उपसून जिवंत केली, हे त्यातल्या त्यात बरं. ज्यांच्या वाडीत बावखल अजून शिल्लक आहे, त्यांनी येत्या मे महिन्यात गाळ काढून घ्यावा, आणि तोवर भराव टाकणाऱ्याचा फोन आला तर उचलू नये.